दोनशे दोन: खबर आली, दुजोरा नाही

वेबसाइटवर हवे ते पान सापडले नाही की पडद्यावर चारशे चार हा आकडा उमटतो, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका नाष्ट्याच्या गाडीवर 'मिसळ संपली' या अर्थाने हा आकडा खडूने लिहिलेला मी पाहिला आहे. अपयशाला अशी प्रसिद्धी मिळते. पान सापडले आणि वाचकाच्या हाती गेले, तर सर्व्हर दोनशे हा आकडा पाठवतो. तो कोणालाही दिसत नाही. वर्तमानपत्राचेही असेच असते. अंक बिनचूक निघाला तर कार्यालयात एकही फोन येत नाही. निधनवार्तेत फोटोंची अदलाबदल झाली की दिवसभर येतात.

दोनशेला धाकटी भावंडे आहेत. दोनशे एक, दोनशे दोन अशी ती पुढे जातात. तीही यशाचीच आहेत, पण वेबसाइटच्या धंद्यातल्या लोकांनाही ती चटकन आठवत नाहीत. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन हजार साल उलटल्यावर दैनिकाने वेबसाइट काढली आणि माझी तिकडे बदली झाली. संगणकाला न घाबरणारा आणि कोणत्याही पुरवणीला नको असलेला असा मी एकटाच होतो. निवृत्त होईपर्यंत तेच काम केले. या भावंडांशी खरी ओळख झाली ती मात्र एका पानामुळे आणि एका टेलिफोन ऑपरेटर बाईंमुळे.

आधी धंद्याची माहिती. सर्व्हर म्हणजे कायम चालू ठेवलेला संगणक. मागेल त्याला पान देणे हे त्याचे काम. पान देण्याआधी तो तीन आकडी संख्या पाठवतो. ती वाचकासाठी नसते. वाचकाच्या संगणकावर पाने दाखवणारा जो ब्राउझर असतो, त्याच्यासाठी असते. चारशेच्या घरातली संख्या म्हणजे मागणाऱ्याची चूक. पाचशेच्या घरातली म्हणजे देणाऱ्याची. दोनशेच्या घरातली म्हणजे काम झाले. आता काम झाले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न उरतो. धाकटी भावंडे त्यासाठी आहेत.

पान होते दक्षिणद्वाराचे. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नदीला लागून आहे. पावसाळ्यात पाणी चढते आणि एका टप्प्यावर उत्तरेच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दाराशी, त्या पाण्यात स्नान करायचे म्हणून लोक वाट पाहतात. याची तारीख पंचांगात नसते. पाणी कमी पडले तर होत नाही, जास्त झाले तर देऊळच पाण्याखाली जाते. मधल्या काही तासांत जो पोचला तो पोचला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात आम्ही बातमी छापत असू. ती अचूक असे आणि निरुपयोगी असे.

म्हणून लोक फोन करत. नदी चढू लागली की कार्यालयाचा टेलिफोनचा बोर्ड दिवसभर वाजे आणि प्रश्न एकच असे: झाला का?

बोर्डावर शकुंतला माने बसत. सगळे त्यांना मानेबाई म्हणत. उचगावहून सिटी बसने येत, पिशवी बोर्डाखाली ठेवत आणि संध्याकाळपर्यंत कानावरचा फोन काढत नसत. त्यांची उत्तरे ठरलेली होती, पण ती एकसारखी नव्हती. काही कळले नसेल तर "अजून न्हाय." खबर आली पण खात्री नसेल तर "कळलंय, पर नक्की न्हाय, थांबा." वाडीहून आलेल्या एखाद्या कंडक्टरने सांगितले असेल तर "ऐकलेलं सांगते, बघितलेलं न्हवं." आणि खात्री झाली की दोनच शब्द: "झाला. निघा."

त्यांच्या 'निघा'वर निम्मे कोल्हापूर निघत असे. त्या स्वतः कधीच निघाल्या नव्हत्या. दक्षिणद्वाराचा दिवस हा सर्वांत जास्त फोनांचा दिवस. त्या दिवशी ऑपरेटरला रजा मिळत नसे. नवस वगैरे काही नव्हता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "लोकास्नी निघा निघा म्हणून सांगायचं आन आपण हितंच. किती वर्सं?"

त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर त्या आणि यजमान हैदराबादला मुलाकडे राहायला जाणार होते. तिथून खबर ऐकून निघाले तर वाडीला पोचेपर्यंत पाणी थांबणार नव्हते. त्यामुळे वेबसाइटवर दक्षिणद्वाराचे पान करायचे ठरले तेव्हा सर्वांत जास्त उत्सुकता त्यांना होती. लोक पान बघतील, फोन कमी होतील, शेवटच्या एखाद्या पावसाळ्यात तरी बोर्ड सोडता येईल, असा हिशोब होता.

पान तयार करण्याचे काम संदेश कांबळे याच्याकडे आले. तो इथल्याच महाविद्यालयात शिकलेला संगणक अभियंता होता आणि पुस्तकात जे आहे ते करणारा होता. त्या काळी बहुतेक वेबसाइटी सरसकट दोनशे पाठवत. पान बिघडले तरी दोनशे, आत काही नसले तरी दोनशे. संदेशला हा खोटेपणा वाटे. त्याचे म्हणणे असे की नियम करणाऱ्यांनी वेगवेगळे आकडे दिले आहेत ते वापरण्यासाठी.

पावसाळ्याच्या तोंडावर तो बोर्डाशेजारी खुर्ची घेऊन बसला.

"मावशी, लोक काय काय विचारतात?"

"काय काय न्हाय. एकच. झाला का."

"आणि तुम्ही काय सांगता?"

मानेबाईंनी सांगितले. संदेशने ऐकून घेतले आणि खूश झाला. बाईंच्या प्रत्येक उत्तराला त्याच्याकडे आकडा होता. 'झाला' म्हणजे दोनशे एक: काही तरी नवे निर्माण झाले. 'कळलंय पण नक्की नाही' म्हणजे दोनशे दोन: तुमचे म्हणणे घेतले आहे, निकाल लागायचा आहे. 'ऐकलेलं सांगते' म्हणजे दोनशे तीन: मधल्या माणसाच्या हातून आलेले आहे, वाटेत बदललेले असू शकते. हा दोनशे तीन मला लगेच समजला. वार्ताहराची बातमी वृत्तसंपादक देसाई यांच्या टेबलावरून पुढे गेली की ती दोनशे तीन होत असे.

"आणि 'अजून न्हाय'ला?" बाईंनी विचारले.

"दोनशे चार. काम झालं, पण द्यायला काही नाही. सर्व्हर कोरा आकडा पाठवतो. पान आहे तसंच राहतं, हलत नाही."

"म्हंजे फोन उचलायचा आन गप बसायचं?"

"गप्प नाही, मावशी. नवीन काही नाही, हे कळवायचं."

"कळवलं कुटं? गपच की ते."

"पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तक लिवणारा कोल्लापूरचा न्हाय," बाई म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला.

पहिल्या पावसाळ्यात पान सुरू झाले. त्यावर 'ताजी स्थिती' असे एक बटन होते. ते दाबले की सर्व्हर पाहायचा: नवे काही आहे का? नसेल तर दोनशे चार. पुस्तकाप्रमाणे ब्राउझर जागचा हलत नसे. पडद्यावर काहीच होत नसे. लोक पुन्हा दाबत. पुन्हा काहीच होत नसे. मग ते फोन करत.

"ओ बाई, तुमची वेबसाइट रुसलीया का?"

"बाई, बटन दाबून दाबून बोट दुखालंय. मेलं का काय ते?"

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले दर वर्षी फोन करत. नाव कधी सांगत नसत, पण आवाज इतका घोगरा होता की मानेबाई त्यांना ओळखत. ते म्हणाले, "न्हाय म्हणायला काय पैसे पडत्यात का? न्हाय तर न्हाय म्हणा की!"

कोल्हापूरकडच्या माणसाला नकार चालतो. मोठ्या आवाजात दिला तर अधिकच चालतो. उत्तर न देणे मात्र त्याला अपमान वाटतो. सर्व्हर नियमाने वागत होता आणि लोकांना तो शिष्ट वाटत होता. परिणाम असा झाला की पूर्वी ज्यांचा एक फोन येई त्यांचे दोन येऊ लागले: एक वेबसाइट बंद पडल्याचा, दुसरा 'झाला का'चा. ज्या पानाने बाईंना मोकळे करायचे होते त्याने त्यांना जास्तच बांधले. त्या वर्षी दक्षिणद्वार झाला तेव्हा त्यांना पाणी प्यायलाही उठता आले नाही.

संदेशने दोनशे चार काढला. त्याच्या जागी साधा दोनशे घातला आणि पानावर ठळक अक्षरांत लिहिले: 'अजून नाही.' खाली खबर मिळाल्याची वेळ. काम सोपे होते, पण ते करताना तो दुखवट्याला आल्यासारखा बसला होता.

"आता बरोबर बोलालंय बघ," मानेबाई म्हणाल्या.

"बरोबर नाही, मावशी. चालतंय एवढंच."

दोनशे पाचचा प्रकार याहून मोठा झाला. दोनशे चार सांगतो की पान आहे तसेच राहू दे. दोनशे पाच सांगतो की पाटी पुसून टाक. माहिती भरून पाठवली, ती पोचली, आता रकाने कोरे कर म्हणजे पुढची भरता येईल. संदेशने तो वार्ताहरांच्या पानासाठी वापरला.

कुरुंदवाडचे आमचे वार्ताहर दस्तगीर मुजावर. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. वाडी तिथून पूल ओलांडला की आलीच. वाडीच्या पाण्याची खबर अनेक वर्षे तेच देत आणि पायऱ्यांचा त्यांना अंदाज चांगला होता. पूर्वी ते फोन करत किंवा एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट देत. आता दुकानाशेजारच्या सायबर कॅफेत जाऊन मजकूर टाइप करून पाठवायचा होता.

कॅफेतला ब्राउझर जुना होता. दोनशे पाच म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते, म्हणून त्याने पाटी पुसली नाही. दस्तगीरभाईंनी मजकूर पाठवला, तो आमच्याकडे पोचला, पण त्यांच्यासमोर शब्द तसेच राहिले. त्यांना वाटले, गेला नाही. त्यांनी पुन्हा पाठवला.

इथपर्यंत कोणाच्याही हातून होईल. पुढचे फक्त वार्ताहराच्या हातून होते. मुरलेला वार्ताहर तीच बातमी त्याच शब्दांत दुसऱ्यांदा पाठवत नाही. त्याला ते कमीपणाचे वाटते. दस्तगीरभाईंनी प्रत्येक वेळी मजकूर थोडा सुधारला. आमच्याकडे एकामागून एक पोचले ते असे: 'पाणी पायऱ्यांना लागले आहे.' 'पाणी पायऱ्यांवर आले असून वाढ सुरू आहे.' 'पाणी झपाट्याने पायऱ्या चढत आहे.' 'पाणी मंदिराच्या उंबऱ्याशी. दक्षिणद्वार कोणत्याही क्षणी.'

देसाईसाहेब धावत वेबसाइटच्या खोलीत आले. शेवटचे वाक्य पानावर गेले. शिवाजी पेठेतून दोन जीपगाड्या भरून निघाल्याचे नंतर कळले. संदेशला मात्र वेळा पाहून शंका आली. एवढ्या थोड्या अवधीत कृष्णा एवढी चढली असती तर कुरुंदवाडचे कॅफेही पाण्यात असते. मानेबाईंनी दुकानाला फोन जोडून दिला आणि देसाईसाहेब बोलले.

"दस्तगीरभाई, पाणी आत्ता कुठं आहे?"

"पायऱ्यांस्नी लागलंय की. सकाळपास्नं तितंच हाय."

"मग उंबऱ्याशी कोण आलं?"

"ते व्हय. त्ये आपलं… चौथ्यांदा पाठवालतो, म्हटलं जरा ताजं लिवावं."

जीपगाड्यांतली मंडळी वाडीला पोचली, पायऱ्या मोजून, पेढे घेऊन परत आली आणि मग त्यांनी मानेबाईंना फोन केले. त्या फोनांमधली भाषा इथे देता येत नाही.

देसाईसाहेबांनी त्या दिवसापासून नियम केला. वाडीची खबर कोणीही दिली तरी ती दोनशे दोन. दुसऱ्या कोणी पाहून सांगितल्याशिवाय दोनशे एक नाही. साहेबांना सर्व्हरचे काही कळत नव्हते, पण दोनशे दोन हा आकडा त्यांना फार आवडला. वर्तमानपत्रात अशा अवस्थेला नाव नव्हते आणि ती अवस्था मात्र सगळीकडे होती. हळूहळू तो कार्यालयभर झाला. रजेचा अर्ज दोनशे दोनमध्ये असे. पगारवाढ दोनशे दोनमध्ये असे. एका उपसंपादकाला मुलगी पाहायला गेल्यावर तिकडच्यांनी 'कळवतो' म्हटले, तेव्हा तोही दोनशे दोनमध्ये गेला आणि बराच काळ तिथे राहिला.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे बाईंच्या शेवटच्या पावसाळ्यात, पाऊस रेंगाळला. दक्षिणद्वार होईलच असे कोणी खात्रीने सांगत नव्हते. मग धरणांतून पाणी सुटले आणि नदी एकदम चढू लागली. मानेबाई सकाळी आल्या त्या जास्तीची पिशवी घेऊन. तिच्यात एक कोरडी साडी आणि टॉवेल होता. देसाईसाहेबांनी कबूल केले होते की पानावर 'झाला' असे लागले की बाईंनी निघायचे आणि बोर्डावर मी बसायचे. अडचण एवढीच होती की पाणी असेच वाढत राहिले तर वाडीचा रस्ता बंद होणार होता.

दुपारच्या आधी दस्तगीरभाईंचा मजकूर आला: 'चढता दक्षिणद्वार सुरू. स्वतः पाहिला.' चढता म्हणजे पाणी वाढत असताना होणारा.

मी तो घेऊन देसाईसाहेबांकडे गेलो.

"स्वतः पाहिला, हे त्यानं कितव्या खेपेला लिहिलंय?"

"पहिल्याच."

"बरं. चौथ्या खेपेला असतं तर फेकून दिलं असतं. दुसरं कोण सांगतंय?"

दुसरे कोणी सांगत नव्हते. वाडीत आमच्या ओळखीचे दोन फोन होते, दोन्ही पेढ्यांच्या दुकानांतले. पाणी वाढल्यामुळे दुकानदारांनी माल उचलून दुकाने बंद केली होती. दस्तगीरभाईंना गाठावे म्हणून कॅफेत फोन लावला. कॅफेवाला म्हणाला, "भाई परत वाडीला गेल्यात. फोटो ठेवून गेल्यात की. म्या चढवलाय, उतरवून घ्या."

फोटो त्याने इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेवर ठेवला होता. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवर चालणारा मॉडेम होता आणि पावसात ती तार वरचेवर तुटत असे. फोटो वरून खाली उमटत येतो. पहिल्यांदा आभाळ आले. मग शेजारच्या झाडाचा शेंडा. मग देवळाचा माथा. मग लाइन गेली.

अशा वेळेसाठीच दोनशे सहा आहे. ब्राउझर सांगतो, इथपर्यंत मिळाले आहे, इथून पुढचे दे. सर्व्हर दोनशे सहा म्हणतो, म्हणजे 'हा घे उरलेला तुकडा', आणि तेवढेच पाठवतो. पण ही सोय सर्व्हरकडे असावी लागते. त्या फुकटच्या जागेवर ती नव्हती. संदेश उरलेला निम्मा मागायचा, तिकडून दोनशे यायचा आणि फोटो पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मानेबाई बोर्ड सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. "आलं का पाणी?"

"नाही मावशी. मी म्हणतोय, खालचा निम्मा दे. तो म्हणतोय, सगळं उत्तम आहे, हे घे वरून."

"म्हंजे परत आभाळ?"

"परत आभाळ."

माझ्या नोकरीत दोनशे या आकड्याचा असा राग आलेला मी एवढा एकदाच पाहिला. सर्व्हर पुन्हा पुन्हा यश कळवत होता आणि आम्हाला पुन्हा पुन्हा आभाळ मिळत होते.

पानावर संदेशने नियमाप्रमाणे लिहिले: 'दक्षिणद्वार झाल्याची खबर आली आहे. दुजोरा नाही.' त्यानंतर बोर्ड एकदम शांत झाला. पान काम करू लागले, असे आम्हाला वाटले.

मानेबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि देसाईसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"सायेब, दुजोरा कोण देणार?"

"वाडीतलं कोणीतरी. दस्तगीर सोडून दुसरं."

"दुसरं म्हंजे मी चालते का?"

"तुम्ही इथं आहात, बाई."

"मग जाऊ द्या की."

खबर खरी नसेल तर बाई नुसत्याच जाऊन येणार होत्या, आणि ती मुभा पुन्हा मिळणार नव्हती. खरी असेल तर दुजोऱ्याची वाट पाहत बसण्यात रस्ता बंद होणार होता. हे दोघांनाही माहीत होते.

"स्टँडजवळ एसटीडीचं दुकान आहे," साहेब म्हणाले. "पाणी बघायचं आणि लगेच फोन करायचा. आधी फोन, मग अंघोळ."

"व्हय," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

मी बोर्डावर बसलो. फोन जवळजवळ येतच नव्हते. देसाईसाहेब अधूनमधून येऊन "काही?" असे विचारत आणि मी 'अजून नाही' म्हणत असे. पान 'दुजोरा नाही' एवढेच सांगत राहिले. संदेशने आणखी काही वेळा आभाळ उतरवून घेतले. दुपार गेली. शिरोळकडच्या, म्हणजे वाडीच्याच रस्त्यावर पाणी आल्याची खबर आली. वाडीहून फोन आला नाही. पहिले पान लावायची वेळ झाली तेव्हा देसाईसाहेबांनी बातमीची जागा मोकळी ठेवायला सांगितली आणि ती भरायला दुसरे काही तयार ठेवायलाही सांगितले.

दिवेलागणीला मानेबाई आल्या. केस ओले होते, पिशवीतून पाणी ठिबकत होते आणि पायांत चपला नव्हत्या.

"बाई, फोन?" देसाईसाहेब खुर्चीतून उठले. "पेपर तुमच्या फोनवर थांबला होता."

"मी काय फोन करायला गेलते व्हय, सायेब? अंघोळीला गेलते."

सगळ्यांत आधी संदेश हसला, मग साहेबही.

बोर्ड शांत का झाला, हेही तेव्हा कळले. बाईंना स्टँडवर गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. पानावर 'दुजोरा नाही' वाचून सगळे निघाले होते. त्यांचा विचार सरळ होता. दुजोरा मिळाल्यावर सगळे कोल्हापूर येणार, मग गर्दी होणार. म्हणून मिळायच्या आत गेलेले बरे. खात्री होईपर्यंत लोकांनी थांबावे म्हणून देसाईसाहेबांनी जे दोन शब्द ठेवले, ते लोकांनी 'निघा' असे वाचले होते.

दक्षिणेच्या दाराशी रांगेत बाईंच्या मागून आवाज आला, "सरका की फुडं, पावणं!" आवाज घोगरा होता. बाईंनी वळून विचारले, "इचलकरंजी न्हवं?" तो माणूस इतका दचकला की हातातला तांब्या पाण्यात गेला. मग ओळख पटली. तो म्हणाला, "बाई, तुमी हितं? मग फोनवर कोण हाय?"

देसाईसाहेबांनी वही पुढे ओढली. प्रत्यक्षदर्शी समोर होती आणि अंक थांबलेला होता.

"किती वाजता झालं स्नान?"

"घड्याळ पिशवीत हुतं."

"पाणी किती होतं दाराशी?"

"हुतं की. गुडघ्याच्या वर."

"गर्दी? साधारण किती?"

"लई."

"अजून काही? काहीही सांगा."

मानेबाईंनी विचार केला. नेमके काय सांगावे हे त्या शोधत होत्या आणि त्यांना घाई नव्हती.

"गार हुतं," त्या म्हणाल्या.

बातमी अखेर दस्तगीरभाईंच्या मजकुरावरच उभी राहिली. तो पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत खरा होता. फोटोचा खालचा निम्मा त्या दिवशी आलाच नाही, अंकात आभाळ आणि देवळाचा माथा छापला. मी बातमीच्या शेवटी बाईंचे वाक्य जोडले होते. देसाईसाहेबांनी ते काढले. कृष्णेचे पाणी पावसाळ्यात गार असते, ही बातमी होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

वेबसाइटवर जागेचा प्रश्न नव्हता. संदेशने दुजोरा मिळाल्याची नोंद केली, सर्व्हरने त्याला दोनशे एक पाठवला, आणि पानावर दोन ओळी आल्या: 'दक्षिणद्वार झाला. पाणी गार होते.' मानेबाईंनी चहा मागवला आणि तो संपेपर्यंत आपल्या खुर्चीत, ओल्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बोर्ड वाजत होता. फोन मी उचलत होतो.